आजीचं पत्र आणि माझं लाल पेन
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला विषय सुचवला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याच्या नोकऱ्या’. मी म्हटलं, अरे, ऑफिसात रोज तेच बोलते, इथं कराडला येऊनही तेच बोलू का? मग आपल्या ग्रुपवरचे गेल्या सहा महिन्यांतले मेसेज चाळले. सुप्रभात, वाढदिवस आणि जुने फोटो सोडले, तर सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न एकच होता : ‘पोरगं वाचतच नाही, काय करावं?’ कुणाची मुलगी चौथीत, कुणाचा मुलगा पाचवीत. ज्यांना मुलं थोडी उशिरा झाली त्या आपल्या सगळ्यांची रड एकच आहे. मी तेव्हा चार शहाणपणाच्या ओळी लिहिल्या होत्या आणि तुम्ही भराभर अंगठे दाखवले होते. त्या चार ओळी सुचण्याआधी मी घरात काय गोंधळ घातला होता, ते मात्र सांगितलं नव्हतं. आज सांगते. समोर मराठीच्या बाई बसल्या आहेत, त्यामुळे खोटं बोलायची सोय नाही.

माझी आई इथून जवळच गावी एकटी राहते. वय ७६. तिला आता ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आणलं, पण ‘ते शिट्टी मारतं’ म्हणून ते कपाटात पडून असतं. फोनवर ती स्वतःचं सांगते, ‘बरंय, ठेवते’ म्हणते आणि ठेवून देते. आमचं बोलणं तिच्यापर्यंत पोचतच नाही. पण तिची नजर चांगली आहे. चौथीपर्यंत शिकलेली आहे. चष्मा लावून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. थोडक्यात सांगायचं तर माझ्या मुलाला आजीशी बोलायचं असेल, तर कागदाशिवाय दुसरा मार्ग उरलेला नाही. म्हणून हा विषय माझ्या घरात मार्कांचा नाही. एका म्हातारीचा आणि तिच्या नातवाचा आहे.

चिरंजीव पुण्यात इंग्रजी माध्यमात. दोन वर्षांपूर्वी, तो चौथीत असताना, आजीचं पत्र आलं. मी म्हटलं, वाच मोठ्यानं. त्यानं वाचलं. साधे शब्द धडाधड, जोडाक्षर आलं की गाडी बंद. कशीबशी तीन मिनिटांत आठ ओळी संपवल्या. मी विचारलं, ‘काय म्हणते आजी?’ तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, ‘मला काय माहीत? मी तर वाचत होतो.’

हसू नका. आपणही असेच वाचायचो कधी कधी. पण मला धक्का बसला. शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘वाचन : चांगले’ असा शेरा होता. आणि तो शेरा खोटा नव्हता. उच्चार चांगलेच होते.

मग मी ठरवलं, आता आपणच लक्ष घालायचं. इथून माझी चूक सुरू झाली. मी त्याला आजीला उत्तर लिहायला बसवलं. त्यानं लिहिलं ते मला अजून पाठ आहे :

‘प्रिय आजि, मि बरा आहे. तु कशी आहेस. मांजरिला तिन पिल्ल झालि.’

मी लाल पेन घेतलं. सात चुका, शिवाय एक प्रश्नचिन्ह राहिलेलं. सगळ्यांना गोल केले. पत्राला मायना नाही, तारीख नाही, शेवटी ‘तुझा नातू’ नाही, तेही सांगितलं. मांजरीचं वाक्य मधेच कुठून आलं म्हणून ते काढायला लावलं आणि त्याजागी ‘तुझी तब्येत ठीक असेल अशी आशा आहे’ असं घालायला सांगितलं. तीन वेळा लिहून घेतलं. तिसरी प्रत अगदी सुवाच्य झाली. पोस्टात टाकली.

आठ दिवसांनी आजीचं उत्तर आलं. तिनं लिहिलं होतं, ‘पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे. पण हे तू लिहिलंस का आईनं लिहवून घेतलं? तुमची मांजर व्यायला झाली होती, तिचं काय झालं?’

माझ्या आईला चौथीच्या शिक्षणावर जे कळलं, ते मला इंजिनिअरिंगच्या पदवीनंतर कळलं नव्हतं. जे एक वाक्य त्या पत्रात वाचण्यासारखं होतं, तेच मी खोडलं होतं.

त्यानंतर चार महिने त्यानं काही लिहिलं नाही. वही काढली की पोट दुखायचं. ‘मला लिहिता येत नाही, तूच लिही आजीला,’ म्हणायचा. आजी दर पंधरा दिवसांनी पोस्टमनला विचारत होती. हे मला नंतर शेजारच्या काकूंनी सांगितलं.

आता यातली गंमत बघा. माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे नव्या मुलामुलींनी लिहिलेला प्रोग्राम तपासणं. एखादी पोरगी कॉलेजातून नुकतीच आलेली असते, पहिलाच प्रोग्राम लिहून पाठवते. त्यात चाळीस चुका असतात. मी चाळीस कधीच दाखवत नाही. आधी बघते, हा प्रोग्राम जे करायचं ते करतो का? मग दोन मोठ्या गोष्टी सांगते. नावं, मोकळ्या जागा, टापटीप हे सगळं पुढच्या फेरीत. कारण पहिल्याच दिवशी चाळीस शेरे मारले तर ती पोरगी पुढच्या वेळी दाखवायलाच येत नाही, लपवायला शिकते. हे मी ऑफिसात वीस वर्षं पाळत आले आणि घरी विसरले. दुसऱ्याच्या मुलांशी जो धीर असतो, तो आपल्या मुलाशी कुठं जातो कोण जाणे.

मग मी थोडं वाचलं. जास्त नाही, पण दोन-तीन गोष्टी अशा सापडल्या, की त्यांनी माझं डोकं जागेवर आणलं. त्या तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट. १९८६ साली गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. लिपी उलगडता येणं गुणिले भाषा समजणं, म्हणजे वाचन. बेरीज नाही, गुणाकार. गणिताच्या सरांना हे आवडेल. दोन्हींपैकी एक शून्य झालं तर उत्तर शून्य. माझ्या मुलाचं मराठीत पहिलं अर्ध कच्चं होतं. अक्षर उलगडण्यातच त्याची सगळी ताकद जात होती, अर्थासाठी काही शिल्लकच राहत नव्हती. इंग्रजीत उलट. अक्षरं फटाफट, पण विज्ञानाच्या धड्यातले निम्मे शब्द त्यानं कधी ऐकलेलेच नव्हते. म्हणजे ‘वाचत नाही’ हा एक आजार नाहीच. कोणतं अर्ध कच्चं आहे ते आधी बघायचं. बघायची रीत सोपी आहे. तोच परिच्छेद आपण वाचून दाखवायचा आणि काय कळलं ते विचारायचं. ऐकून कळलं आणि वाचून कळलं नाही, तर अडचण लिपीची. ऐकूनही कळलं नाही, तर अडचण शब्दांची आणि माहितीची.

दुसरी गोष्ट. ही अडचण तिसरी-चौथीनंतर उघडी पडते. तोवर मूल वाचायला शिकत असतं, त्यानंतर वाचून शिकायचं असतं. इतिहास, भूगोल, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळं वाचनावरच उभं राहतं. आणि नेमकं त्याच वेळी आपण म्हणतो, आता मोठा झाला, आता त्याचा तो वाचेल. हे फक्त आपल्याच घरातलं आहे असं समजू नका. ‘प्रथम’ संस्था २००५ पासून ग्रामीण भारतात ‘असर’ ही पाहणी करते. मुलांच्या घरी जाऊन दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचायला देतात. २०१८ च्या पाहणीत पाचवीतल्या जेमतेम निम्म्या मुलांना तो वाचता आला होता.

मग आम्ही काय केलं, ते क्रमानं सांगते. सगळं मिळून दिवसाला पंधरा-वीस मिनिटं. त्याहून जास्त वेळ आम्हा दोघांकडं नाही, आणि खरं सांगायचं तर लागतही नाही.

लिपीसाठी आम्ही आजीची जुनी पत्रं काढली. पाठ्यपुस्तक नाही. एक वाक्य मी वाचायचं, एक त्यानं. तोच अर्धा कागद आठवड्यात तीनदा. पहिल्या दिवशी अडखळतो, तिसऱ्या दिवशी सरळ वाचतो, आणि आपण सरळ वाचतोय हे त्याचं त्याला ऐकू येतं. अडला की मी मनात पाच अंक मोजते. तेवढ्यात जमलं तर उत्तम, नाही तर शब्द सांगून टाकते. तिथं थांबून फोड करून घेत बसत नाही. फोड नंतर, वाचन संपल्यावर, दोनच शब्दांची.

जोडाक्षरांत त्याला सगळ्यांत जास्त छळलं ते ‘र’नं. इंग्रजीतलं आर हे अक्षर शब्दात कुठंही आलं तरी आरच दिसतं. आपला ‘र’ सूर्यात डोक्यावर चढतो, चंद्रात पायाशी तिरका होतो, ट्रकमध्ये खाली टोपीसारखा बसतो आणि तऱ्हेत आडवा होतो. मुलाला हे कुणी एकत्र सांगितलंच नसेल तर ते प्रत्येक वेळी नव्यानं घाबरतं. आम्ही एका रविवारी कागदावर चार घरं आखली आणि पेपरमधले ‘र’चे शब्द कापून त्या त्या घरात चिकटवले. आपल्या ‘कृष्णे’वर त्याचं-माझं भांडण झालं. त्याला ‘र’ ऐकू येत होता, पण तो चारपैकी कुठल्याच घरात बसत नव्हता. तो ऋकार आहे हे भांडणातून जसं लक्षात राहिलं, तसं तक्त्यातून राहिलं नसतं.

दुसऱ्या अर्धासाठी, म्हणजे भाषा समजण्यासाठी, आम्ही त्याला परत वाचून दाखवायला लागलो. दहा वर्षांच्या घोड्याला काय वाचून दाखवायचं, असं माझ्या नवऱ्याला वाटलं होतं. पण बाई, मला तेव्हा तुमची आठवण झाली. शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास. तुम्ही भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचायला घ्यायचात आणि तो अगदी अडचणीत सापडला की पुस्तक मिटायचात. घंटा व्हायची. सोमवारी ग्रंथालयात त्या एका प्रतीसाठी रांग लागायची. आपण तेव्हा चौथीतली पोरं नव्हतो, सातवीत होतो. सगळ्यांना वाचता येत होतं. तरी तुम्ही वाचून दाखवत होता. का, ते मला आता कळतंय. या वयाच्या मुलांचा कान डोळ्याच्या बराच पुढं असतो. जे पुस्तक त्याला स्वतःला वाचायला जड जाईल, ते ऐकून त्याला सहज कळतं, आणि त्यातले शब्द, त्यातली वाक्यं कानात जाऊन बसतात. मग तीच छापलेली दिसली की ओळखीची वाटतात. आता आमच्याकडं रात्री माझा नवरा वाचतो. आवाज वगैरे काढून. सध्या त्यालाच पुढं काय झालं याची जास्त घाई असते.

वाचल्यावर मी परीक्षेतले प्रश्न विचारणं बंद केलं. ‘लेखकाला काय म्हणायचं आहे?’ असं विचारलं की मूल भिंतीकडं बघतं. ‘तू असतास तर काय केलं असतंस?’ म्हटलं की भांडायला उठतं. भांडताना ते पुस्तकातलेच पुरावे देतं. समजलंय की नाही, हे तिथं कळतं.

आणखी एक प्रयोग सांगते. १९८८ मध्ये अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची, पण बेसबॉलची माहिती असलेली मुलं त्यात वाचनात पक्की, पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणजे ज्या विषयाची मुलाला आधीच ओढ आहे, तिथून सुरुवात करावी. आमच्याकडं ती ओढ रेल्वेची. पुण्याहून कराडला येताना आम्ही मुद्दाम गाडीनं यायला लागलो. जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार, सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर. फलाटावरच्या मराठी पाट्या त्यानं वाचायच्या आणि वेळापत्रकातली वेळ ताडून गाडी किती मिनिटं उशिरा आहे ते सांगायचं. वेळापत्रक हे काय वाचन आहे का, असं मला कुणी तरी म्हणालं. आहे. क्रिकेटचा धावफलक, वाणसामानाची यादी, खेळण्याच्या खोक्यावरच्या सूचना, तेही वाचनच आहे. दार कुठलंही असो, आत येऊ दे पोराला.

आणि पुस्तकं नाहीत असं म्हणू नका. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, आपण शाळेत वाचलेले जुने अंकही आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. माधुरी पुरंदरे यांचं ‘वाचू आनंदे’ आहे, आणि लिहिण्यासाठी त्यांचंच ‘लिहावे नेटके’ आहे. एका वेळी चार पुस्तकं समोर ठेवावीत आणि निवड त्याच्यावर सोडावी. तीन पानं वाचून पुस्तक टाकून दिलं तरी चालेल. आपणही टाकतोच.

आता लिहिण्याकडं येते, कारण माझं पाप तिथलं होतं.

लिहिणं परत सुरू झालं ते फ्रीजवर. मला यायला उशीर होणार होता म्हणून मी सकाळी चिठ्ठी लावून गेले : ‘डब्यात लाडू आहेत. दोनच खा.’ संध्याकाळी येऊन बघते तर खाली लिहिलेलं, ‘दोन खाले. तिसरा पण.’ माझा हात सवयीनं पेनाकडं गेला. मी तो आवरला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘तिसरा कुणी खाल्ला?’ दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘मीच खाल्ला.’ मी काही शिकवलं नव्हतं. फक्त त्याच्या प्रश्नाला प्रश्न केला होता आणि बरोबर शब्द त्याच्या डोळ्यांसमोर ठेवला होता. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यानं कुणी न सांगता लिहिलं होतं, कारण त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि वाचणारं कुणीतरी होतं.

मग एक दिवस तोच म्हणाला, आजीला सांगायचंय, पिल्लं आता दुसऱ्यांकडं दिली. मी पोस्टकार्ड आणलं. अजूनही ५० पैशांना मिळतं. पोस्टकार्डाचा मोठा फायदा म्हणजे जागा थोडी. मुलाला पूर्ण पान रिकामं दिसलं की भीती वाटते, पोस्टकार्ड पाच ओळींत भरतं. आधी त्यानं तोंडी सांगितलं, मी ऐकलं. मग लिहिलं. आमचा नियम ठरला : पहिल्यांदा लिहिताना चुकीबद्दल अवाक्षर नाही, फक्त मजकुराबद्दल प्रश्न. ‘काळं पिल्लू कुणाकडं गेलं? आजी विचारेल.’ असं विचारलं की दोन वाक्यं आपोआप वाढतात.

शुद्धलेखन आम्ही सोडून दिलं असं समजू नका. बाई रागावतील. पण एका वेळी एकच गोष्ट. मी त्याची जुनी पत्रं घेऊन बसले आणि चुकांची वर्गवारी केली, जशी प्रोग्राममधल्या दोषांची करतो तशी. आजि, मि, तु, झालि. सातपैकी चार चुका एकाच नियमाच्या : मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. ‘आणि’सारखे थोडे अपवाद सोडून. तो एकच नियम महिनाभर चालवला. लिहून झालं की त्यानं स्वतः पेन्सिलनं शब्दांचे शेवट तपासायचे, बाकीकडं बघायचंच नाही. पुढच्या महिन्यात तीन, फूल, दूध. आणि मग ‘फूल’चं ‘फुलाला’ होताना पहिला उकार ऱ्हस्व का होतो, ते. मूल आळशी असतं म्हणून चुकत नाही. ते आपल्या कानाला ऐकू येतं तसं लिहितं, आणि बोलताना ऱ्हस्व-दीर्घातला फरक आपण तरी कुठं स्पष्ट करतो?

हे सगळं चालू असताना आजीचं एक पत्र आलं. चिरंजीव वाचता वाचता एकदम ओरडला, ‘आई, आजीनं दूध ऱ्हस्व लिहिलंय! आणि आशीर्वादसुद्धा!’ त्याला इतका आनंद झाला, की काय सांगू. मीही म्हटलं, अरे वा, कळव की तिला पुढच्या पत्रात, तिलाही गंमत वाटेल.

तो जरा थांबला. म्हणाला, ‘नको. तिला वाईट वाटेल. मग ती लिहिणारच नाही.’

त्यानं हे मला टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तो पत्र घडी करून ठेवत होता. पण मी ओट्यापाशी जाऊन उगाचच नळ सोडून उभी राहिले.

मित्रहो, आता एक गोष्ट सांगते ती सगळ्यांना आवडेल असं नाही. कधी कधी घरच्या प्रयत्नांनी भागत नाही. नऊ-दहा वर्षांचं मूल बोलण्यात हुशार असेल, एकदा ऐकलेलं लक्षात ठेवत असेल, पण नियमित शिकवूनही अक्षरांची उलटापालट होत असेल, वाचन पुढं सरकतच नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. त्यातही काही निघालं नाही, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. तो बुद्धीचा दोष नाही. आपल्या राज्यात प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेतही सवलती मिळतात. लाज बाळगून वर्षं घालवू नका.

हे सांगायचं कारण तुम्हाला आठवत असेल. आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा होता. नाव घेत नाही. अख्खा सिनेमा संवादांसकट सांगायचा. बंद पडलेला रेडिओ उघडून चालू करायचा. पण धडा वाचायला उभा केला की घामानं भिजायचा. आपण सगळे हसायचो. मीही हसले आहे, पहिल्या बाकावरून मागं वळून. सातवीनंतर त्यानं शाळा सोडली. तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं, गुरुजनांनाही नाही, त्यामुळे कुणाला दोष देत नाही. पण आज या मेळाव्याची यादी बघताना त्याचं नाव दिसलं नाही आणि मला फार वाईट वाटलं. दहावीपर्यंत न पोचलेल्यांना आपण बॅचमध्ये धरतच नाही. पुढच्या वेळी धरूया.

मला ज्या विषयावर बोलायला सांगितलं होतं, त्यावर एकच वाक्य बोलते. आता फोनशी बोललं की तो लिहून देतो, आणि चार शब्द सांगितले की निबंधही तयार करून देतो. तसली यंत्रं बनवणाऱ्यांच्याच धंद्यात मी आहे. मग मुलांनी लिहायचं कशाला, असं मला पुष्कळ पालक विचारतात. पहिल्या पत्रात मी ते यंत्राचंच काम केलं होतं. निर्दोष, सुबक, आणि आजीनं एका नजरेत ओळखलं की यात नातू नाही.

आमच्याकडं चमत्कार झालेला नाही. चिरंजीव आता सहावीत जाईल. अजून इंग्रजी चित्रकथाच आधी उचलतो. मराठीत मार्क बेताचेच आहेत. पण आजीच्या बिस्किटाच्या डब्यात त्याची तेवीस पत्रं आहेत. मी परवा गेले होते तेव्हा तिनं मला ती दाखवली, वाचायला मात्र दिली नाहीत. म्हणाली, ‘आमचं आमचं आहे ते.’

शेवटी एक विनंती. बॅचतर्फे शाळेला देणगी द्यायची ठरली आहे आणि डिजिटल फळ्याची चर्चा चालू आहे. फळा जरूर घ्यावा. पण त्यातली थोडी रक्कम पाचवी-सहावीच्या वर्गांत ठेवायच्या पुस्तकांसाठी राखून ठेवावी. पुस्तकं कुलपात ठेवायची नाहीत, हरवली तर हरवली. आणि दुसरं, पैशाचं नसलेलं. आपल्या शाळेतल्या पाचवीच्या मुलांना लिहायला खरा वाचक हवा आहे. आपण कुणी दुबईत, कुणी दिल्लीत, कुणी इथंच शेतीत, कुणी दवाखान्यात. आपल्यापैकी प्रत्येकानं एका मुलाला वर्षभर पत्र लिहायचं. महिन्याला एक, हातानं, शाळेच्या पत्त्यावर. मुख्याध्यापक सरांनी होकार दिला आहे, पत्रं वर्गशिक्षकांमार्फत जातील. चहाच्या टेबलाशी वही ठेवली आहे, त्यात नाव लिहा. मुलांनी जे विचारलं असेल त्याला उत्तर द्या, आणि तुम्हीही काहीतरी विचारा. उपदेश करू नका. चुका तर मुळीच काढू नका.

बाई, माझ्या या भाषणातल्या चुका मात्र स्मरणिकेत छापण्याआधी तुम्ही जरूर काढा. लाल पेनानं काढल्यात तरी चालेल. मी आता लिहायची थांबणार नाही.